इंग्रजी माहितीपुस्तिका छापायला देण्याआधी : ‘मस्ट बी’, ‘शुड बी’ आणि मधला एक शब्द
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आपण पंप, मिक्सर, पिठाची गिरणी किंवा शेतीची अवजारे बनवता. त्यांची इंग्रजी माहितीपुस्तिका, लेबल आणि वॉरंटी कार्ड आम्ही तयार करून देतो. आपला मसुदा तपासून परत येतो तेव्हा त्यावर लाल खुणा असतात आणि त्यातल्या बऱ्याचशा एकाच जातीच्या वाक्यांवर असतात : अमुक केले जावे, अमुक करता येते, अमुक कधीही करू नये.

इंग्रजीत अशा वाक्यात तीन गोष्टी एकत्र येतात. मस्ट, शुड, कॅन, मे यांपैकी एक. मग ‘बी’ आणि क्रियापदाचे तिसरे रूप. आणि यांच्या आसपास कुठेतरी ऑलवेज, ओन्ली, ईझिली, प्रॉपर्ली असे एखादे क्रियाविशेषण. स्पेलिंग चुकले तर वाचणारा हसून पुढे जातो. ही जुळणी चुकली तर सूचनाच बदलते, आणि तक्रार आली की हाच कागद टेबलावर येतो. म्हणून खूण करण्याआधी आम्ही फोन करून प्रश्न विचारतो. त्यांचा कंटाळा येतो हे ठाऊक आहे, तरी विचारतो.

अट आहे की सल्ला?

‘फिल्टर दर आठवड्याला धुवावा’ असे मराठीत लिहिले की काम भागते. ही अट आहे की सल्ला, हे वाचणारा संदर्भावरून ओळखतो. इंग्रजीत ते लिहिणाऱ्याला आधीच ठरवावे लागते. ‘मस्ट बी वॉश्ड’ ही अट झाली, ‘शुड बी वॉश्ड’ हा सल्ला. फिल्टर न धुतल्यास वॉरंटी रद्द होणार असेल तर ‘शुड’वर विसंबू नका. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या मानकांत तर या शब्दांची कामे वाटूनच दिली आहेत : शॅल म्हणजे अट, शुड म्हणजे शिफारस, मे म्हणजे परवानगी, कॅन म्हणजे शक्यता किंवा क्षमता. घरगुती वस्तूच्या पुस्तिकेत मात्र ‘शॅल’ कोर्टकचेरीचा वाटतो. तिथे आम्ही ‘मस्ट’ घालतो.

नकार आला की जास्त जपावे लागते. ‘मस्ट नॉट बी ऑइल्ड’ म्हणजे तेल घालायचे नाही. ‘नीड नॉट बी ऑइल्ड’ म्हणजे तेलाची गरज नाही; घातलेच तर तो वाचणाऱ्याचा प्रश्न. सीलबंद बेअरिंगच्या बाबतीत आपल्याला यातले नेमके काय म्हणायचे आहे, हे आम्ही आपल्या वतीने ठरवू शकत नाही. ‘मे नॉट बी’ असलेली सूचना तर आम्ही छापायला जाऊच देत नाही. तिचा अर्थ ‘परवानगी नाही’ असाही होतो आणि ‘कदाचित होणार नाही’ असाही.

कारखान्याच्या पाट्यांवर ‘शुड बी स्ट्रिक्टली प्रोहिबिटेड’ असे लिहून येते. त्याचा अर्थ होतो, ‘यावर कडक बंदी असायला हवी’. म्हणजे पाटी लावणाराच दुसऱ्या कुणाकडे बंदीची मागणी करतो आहे. पाटीवर ‘इज स्ट्रिक्टली प्रोहिबिटेड’ हवे. ‘मस्ट बी कंपल्सरिली’ हाही आपल्याकडचा आवडता प्रयोग. मस्टमध्ये सक्ती आहेच, ती दोनदा कशाला?

आणि बिघाडाच्या तक्त्यात ‘द फ्यूज मस्ट बी ब्लोन’ दिसले तर गोंधळू नका. इथे मस्ट हा अंदाज आहे : फ्यूज उडाला असणार.

मधला शब्द बसतो कुठे

ऑलवेज, नेव्हर, ऑल्सो यांसारखे शब्द मस्ट किंवा शुडच्या लगेच नंतर, ‘बी’च्या आधी बसतात : ‘मस्ट ऑलवेज बी केप्ट क्लोज्ड’, ‘मस्ट नेव्हर बी इमर्स्ड इन वॉटर’. काम कसे करायचे हे सांगणारे शब्द ‘बी’नंतर किंवा वाक्याच्या शेवटी जातात : ‘शुड बी थरोली रिन्स्ड’, ‘शुड बी रिन्स्ड थरोली’. दोन्ही बरोबर. वाक्य लांब असेल तर आम्ही पहिले घेतो, नाहीतर शेवटी आलेला शब्द भलत्याच क्रियेला चिकटतो. ‘ईझिली’ दोन्हीकडे चालतो : ‘कॅन ईझिली बी रिमूव्ड’ म्हणा किंवा ‘कॅन बी ईझिली रिमूव्ड’, झाकण तितकेच सहज निघते. सहायक क्रियापद आणि मुख्य क्रियापद यांच्यामध्ये काही घालू नये, असे काहींना शाळेत शिकवलेले असते. ही समजूत निराधार आहे, असे हेन्री फाउलर या इंग्रज कोशकाराने 1926 मध्येच लिहून ठेवले. तेव्हा त्या कारणाने प्रूफवर खुणा करू नका.

‘हार्ड’ हा शब्द मात्र खरोखर घात करतो. ‘बटण जोरात दाबावे’ याचे इंग्रजी ‘शुड बी हार्डली प्रेस्ड’ असे लिहून येते. हार्डली म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच. सूचना बरोबर उलटी झाली. ‘ली’ काढून ‘हार्ड प्रेस्ड’ केले तरी सुटका नाही, कारण हार्ड-प्रेस्ड म्हणजे अडचणीत सापडलेला. योग्य वाक्य एकच : ‘शुड बी प्रेस्ड हार्ड’.

‘ओन्ली’कडे आम्ही सर्वांत जास्त वेळ देतो. ‘द कव्हर मे ओन्ली बी ओपन्ड बाय अ टेक्निशियन व्हेन द पॉवर इज ऑफ.’ वाक्य व्याकरणात बसते. पण अट कोणती? तंत्रज्ञानेच उघडायचे, ही? की वीज बंद असतानाच उघडायचे, ही? वीज बंद असली तर घरच्या माणसाने उघडले तर चालेल का? ज्याच्यावर बंधन घालायचे त्याच्या लगेच आधी ओन्ली आणावा, आणि बंधने दोन असतील तर दोनदा लिहावा : ‘मे बी ओपन्ड ओन्ली बाय अ टेक्निशियन, अँड ओन्ली व्हेन द पॉवर इज ऑफ.’ वाक्य रुक्ष झाले, पण पळवाट बुजली.

करणारा कोण?

लंडनच्या भुयारी रेल्वेत सरकत्या जिन्यांजवळ ‘डॉग्ज मस्ट बी कॅरीड’ अशी सूचना असते. कुत्रा सोबत असेल तर तो उचलून घ्या, एवढेच सांगायचे आहे. पण शब्दशः वाचले तर कुत्रा नसणाऱ्याला जिन्यावर मज्जाव! या विनोदाचे मूळ असे की अशा वाक्यात कर्ताच नसतो.

पुस्तिकेत हा विनोद महागात पडतो. ‘मस्ट बी प्रॉपर्ली अर्थ्ड’ असे छापले, तर अर्थिंग कुणी करायचे? गिऱ्हाइकाने, इलेक्ट्रिशियनने की आपल्या माणसाने? शिवाय प्रॉपर्ली म्हणजे कसे? आमचे मत विचाराल तर प्रॉपर्ली हा पुस्तिकेतला सर्वांत निरुपयोगी शब्द आहे. ‘टाइटली’चीही तीच गत, बोल्ट किती न्यूटन-मीटरला आवळायचा तो आकडा द्या, शब्द आपोआप गळतो.

म्हणून गिऱ्हाइकाने स्वतः करायच्या कामांची निम्मी वाक्ये आम्ही सरळ आज्ञार्थी करतो. औषधाच्या बाटलीवर ‘शेक वेल बिफोर यूज’ असते, ‘शुड बी वेल शेकन’ नव्हे. जिथे करणारा कोण याने फरक पडत नाही, तिथे मूळची रचना तशीच ठेवतो : ‘द ऑइल लेव्हल कॅन बी ईझिली चेक्ड थ्रू द ग्लास.’

मसुदा पाठवताना

मसुदा मराठीत असला तरी चालतो. खरे तर आम्हाला तोच बरा. मोबाइलवर भाषांतर करून पाठवू नका, मूळ काय होते ते शोधण्यात वेळ जातो. प्रत्येक सूचनेपुढे अट, सल्ला, परवानगी यांपैकी एक शब्द आणि काम कुणी करायचे ते लिहा. अंतिम प्रूफसोबत मस्ट, मस्ट नॉट आणि ओन्ली असलेली वाक्ये आम्ही मराठी अर्थासह वेगळ्या कागदावर देतो. सही करण्याआधी तेवढा कागद आपल्या फोरमनला आणि दुरुस्तीला जाणाऱ्या माणसाला वाचायला द्या. त्यांनी सुचवलेले बदल त्याच कागदावर लिहून पाठवले तरी पुरते.