रुग्णस्पर्शी वैद्यकीय उपकरणांची विद्युत सुरक्षा

ईसीजी, मॉनिटर, कॉटरी (विजेने ऊती कापणारे व रक्तस्राव थांबवणारे यंत्र) अशा उपकरणांचा जो भाग रुग्णाच्या अंगाला लागतो, त्यातून घातक प्रवाह शरीरात जाऊ नये यासाठीची रचना, जोडणी आणि तपासणी. धडधाकट माणसाला साधारण १ मिलिअँपिअरला झिणझिण्या येतात आणि तो हात मागे घेतो. भूल दिलेल्या रुग्णाला ते जमत नाही; शिवाय इलेक्ट्रोडखालच्या जेलमुळे त्वचेचा रोधही घटतो. हृदयात कॅथेटर किंवा पेसमेकरची तात्पुरती वायर असेल, तर शंभरेक मायक्रोअँपिअरही, म्हणजे झिणझिण्या आणणाऱ्या प्रवाहाचा दहावा हिस्सा, जिवावर बेतू शकतो.

आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत-मानक संस्थेच्या ६०६०१-१ या मानकात रुग्णाला लागणाऱ्या भागाचे तीन प्रकार आहेत. खूण उपकरणावर, बहुधा लीडच्या सॉकेटशेजारी छापलेली असते: नुसती मानवाकृती म्हणजे बी, चौकटीतली मानवाकृती बीएफ, चौकटीतले हृदय सीएफ. रुग्णापर्यंतची गळती (नको त्या वाटेने निसटणारा प्रवाह) बी व बीएफमध्ये नेहमीच्या स्थितीत १०० आणि एखादा दोष असताना ५०० मायक्रोअँपिअरपर्यंत चालते. सीएफमध्ये फक्त १० आणि ५०. बीएफ व सीएफमध्ये हा भाग अर्थपासून विलग असतो. रुग्णाचा हात दुसरीकडे कुठे जिवंत तारेला लागला, तरी प्रवाहाला उपकरणातून जमिनीत जायला सोपी वाट मिळत नाही.

खानदेशात हा ‘दुसरीकडे लागलेला हात’ बहुतेकदा कुलरवर असतो. जळगाव, भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की वॉर्डात पत्र्याचे कुलर येतात आणि खाटेजवळच्याच बोर्डाला लागतात. ओला पंप, गंजलेला पत्रा, दोन पिनांचा प्लग: पत्र्यात करंट उतरायला एवढे पुरते. म्हणून मानकाने धरलेल्या १.५ मीटरच्या रुग्ण-परिसरात कुलर, मोबाइलचा चार्जर किंवा एक्स्टेन्शन बोर्ड ठेवू नये. कुलरसाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असलेली वेगळी लाइन हवी.

दुसरा कच्चा दुवा अर्थिंगचा. तापी खोऱ्यातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि जमिनीत पुरलेल्या अर्थिंगच्या पाइपपासून सुटते. सातपुड्यात अक्राणी, अक्कलकुव्याकडे खडक लागतो आणि खड्डा पुरेसा खोल जात नाही. आयएस ३०४३ या भारतीय मानकाप्रमाणे पाइप किमान २.५ मीटर लांब असावा. पावसाळ्यात मोजलेला रोध मे महिन्यात टिकत नाही. त्यामुळे मोजणी मेमध्येच करावी आणि खड्ड्याला नियमित पाणी घालावे. अर्थचा रोध १० ओहम असेल, तर फेज बॉडीला लागल्यावर फार तर २३ अँपिअर वाहतात. १६ अँपिअरची एमसीबी (जादा प्रवाहाला पडणारा स्विच) तेवढ्यावर लगेच पडत नाही आणि तोवर बॉडी जिवंत राहते. इथेही आरसीसीबीच वाचवते. शस्त्रक्रियागृहात व आयसीयूत मात्र एका गळतीने व्हेंटिलेटर बंद पडून चालत नाही. तिथे पुरवठा अर्थपासून वेगळा ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणि त्या विलगतेवर नजर ठेवणारा इन्सुलेशन मॉनिटर लागतो. इन्सुलेशनचा रोध ५० किलोओहमपर्यंत उतरण्याआधीच मॉनिटरचा अलार्म वाजायला हवा. तो बंद करून काम पुढे रेटणे घातक आहे. एकाच खाटेभोवतीची उपकरणे दोन वेगळ्या अर्थखड्ड्यांवर असतील, तर त्यांच्यातला व्होल्टेजचा फरक रुग्णाच्या अंगातून वाहतो. म्हणून सर्व धातूभाग एकाच पट्टीला हिरव्या-पिवळ्या वायरने बांधतात.

प्लग मात्र उघडूनच पाहावा. अर्थची वायर फेज-न्यूट्रलपेक्षा थोडी लांब सोडलेली हवी, म्हणजे केबल ओढली गेली तर ती शेवटी तुटते. अर्थची जाड पिन सॉकेटात जात नाही म्हणून ती कापून टाकलेले प्लगही सापडतात. ते तत्काळ बदलावेत.

वापरातल्या उपकरणाच्या तपासणीसाठी आयईसी ६२३५३ लागू पडते. प्लगच्या अर्थपिनेपासून बॉडीपर्यंतचा रोध, केबल धरून, ०.३ ओहमच्या आत असावा. किमान २०० मिलिअँपिअर सोडून तो मोजतात आणि मोजताना केबल टोकापासून टोकापर्यंत वाकवत नेतात. ट्रॉलीच्या चाकाखाली चेंगरलेल्या जागी आकडा उडी मारतो. साध्या मल्टिमीटरवर भरवसा ठेवू नये, कारण शेवटची एक तार शिल्लक असली तरी बझर वाजतो. त्यानंतर सेफ्टी अॅनालायझरने गळती मोजतात, फेज-न्यूट्रल उलटे करूनही. दुरुस्तीनंतर आणि सलाइन आत सांडल्यावर हीच तपासणी पुन्हा करतात. आकडा मर्यादेत असला, पण मागच्या नोंदीपेक्षा बराच वाढलेला दिसला, तर उपकरण खाटेवर परत न पाठवता उघडतात.