बेन्जी मार्शल : 'गुणी, पण बेभरवशाचा' या शेऱ्याची पार्श्वभूमी

न्यूझीलंडचा रग्बी लीगपटू बेन्जी मार्शलला 'गुणी, पण बेभरवशाचा' हा शेरा कारकिर्दीत अनेकदा ऐकावा लागला. तो समजून घ्यायचा, तर आधी रग्बी लीगची रचना पाहावी लागते. सामन्यासाठी बुडणाऱ्या मजुरीची भरपाई खेळाडूंना द्यावी की नाही, या वादातून १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडमधील क्लबांनी रग्बीची मूळ संघटना असलेल्या रग्बी युनियनशी फारकत घेतली आणि पुढे तेरा जणांचा हा स्वतंत्र खेळ आकाराला आला. त्यात चेंडू हाती असलेल्या संघाला सहा पकडी (चेंडू घेऊन धावणाऱ्याला अडवून पाडणे म्हणजे एक पकड) होईपर्यंतच आगेकूच करता येते; मध्येच चेंडू निसटला, तर प्रतिस्पर्ध्याला नव्याने सहा पकडींची मुभा मिळते. साहजिकच, सहा क्रमांकाची जर्सी घालून आक्रमणाची आखणी करणाऱ्या 'फाइव्ह-एट्थ'ची चूक कधीच झाकली जात नाही. मार्शल याच जागी खेळला.

१९८५ मध्ये व्हाकाटाने येथे जन्मलेला मार्शल शाळकरी वयात ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्टला आला आणि २००३ मध्ये वेस्ट्स टायगर्सकडून तिथल्या व्यावसायिक रग्बी लीग स्पर्धेत उतरला. बालमेन आणि वेस्टर्न सबर्ब्स या सिडनीच्या दोन जुन्या क्लबांच्या एकत्रीकरणातून निघालेल्या या संघाच्या नावावर तोवर एकही विजेतेपद नव्हते. या स्पर्धेच्या २००५ च्या अंतिम सामन्यात वीस वर्षांच्या मार्शलने आपल्याच अर्ध्या मैदानातून मुसंडी मारली, बचावपटूंना हुलकावणी दिली आणि मागे न पाहता, पाठीमागून पॅट रिचर्ड्सकडे चेंडू सरकवला. रिचर्ड्सने ट्राय केला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवून गुण मिळवले, आणि टायगर्सने नॉर्थ क्वीन्सलँडला ३०-१६ असे हरवले. तो पास हुकला असता, तर त्याच कृतीला उतावळेपणा म्हटले गेले असते, हे मात्र फारसे कोणी बोलत नाही.

पुढची चार वर्षे टायगर्सला बाद फेरी गाठता आली नाही. खांद्याच्या वारंवारच्या दुखापतींनी मार्शलचा बराच काळ खाल्ला. सातत्याचा हिशेब मांडताना या दुखापती विसरल्या जातात, असे मला वाटते. २००८ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात बिली स्लेटरने दडपणाखाली आत फेकलेला चेंडू उचलून त्याने ट्राय केला आणि न्यूझीलंडने ऑस्ट्रेलियाला ३४-२० ने नमवले. २०१० मध्ये जगातील सर्वोत्तम खेळाडूला दिला जाणारा 'गोल्डन बूट' त्याला मिळाला, पण २०१३ मध्ये त्याने टायगर्स सोडले. ऑकलंडमधील रग्बी युनियनचा, म्हणजे पंधरा जणांच्या मूळ रग्बीचा, प्रयोगही काही महिन्यांतच आटोपला.

खरी उकल उत्तरार्धात होते. वेग ओसरल्यावर त्याने जोखीम आवरती घेतली. २०१७ मध्ये प्रशिक्षक वेन बेनेट यांच्या ब्रिस्बेन संघात तो कमी मानधनावर खेळला, २०१८ मध्ये टायगर्सकडे परतला आणि २०१९ मध्ये सात वर्षांनी राष्ट्रीय संघात आला. ३४६ सामन्यांच्या कारकिर्दीतील अखेरचा सामना त्याच स्पर्धेचा २०२१ चा अंतिम सामना ठरला. बेनेट यांच्याच साउथ सिडनीकडून तो राखीव खेळाडू म्हणून उतरला. गुण ८-८ असे बरोबरीत असताना साउथ सिडनीच्या सहा क्रमांकाच्या कोडी वॉकरचा एक लांब पास पेनरिथच्या स्टीफन क्रायटनने मध्येच टिपून ट्राय केला आणि सामना १४-१२ असा पेनरिथकडे गेला.