बाटली पॉझिटिव्ह, स्लाइड रिकामी

ब्लड कल्चरचं, म्हणजे रक्त बाटलीत ठेवून त्यात जंतू वाढतात का हे तपासणारं मशीन जंतू बघत नाही, ते वायू बघतं. बाटलीच्या बुडाशी एक चकती असते. जंतू वाढताना कार्बन डायऑक्साइड सोडतात, चकतीचा रंग किंवा चकाकी बदलते, आणि दर दहाएक मिनिटांनी तिची नोंद घेणारं मशीन बाटली पॉझिटिव्ह ठरवतं.

पण हा वायू रक्तातल्या पांढऱ्या पेशीही सोडतात. ल्युकेमियाच्या रुग्णात त्या लाखाच्या घरात गेल्या की जंतू नसतानाही मशीन वाजू शकतं. बाटलीत जादा रक्त भरलं तरी तेच. मोठ्या माणसाचं 8 ते 10 मिली रक्त पुरतं, पण बाटलीतला व्हॅक्यूम त्याहून जास्त ओढून घेतो. म्हणून सुई टोचण्याआधीच बाटलीवर पेनानं रेघ मारावी. मशीनचं दार सारखं उघडलं किंवा वीज गेली की तापमान हलतं आणि आकडेही हलतात.

अशा वेळी स्क्रीनवरचा आलेख उघडावा. तो असतो, बघतं कोण! जंतूंची रेषा काही तास सपाट असते आणि मग एकदम चढते. पेशींची रेषा बहुधा पहिल्यापासूनच संथपणे वर सरकत राहते.

ग्रॅम स्टेनमध्ये (बाटलीतला थेंब स्लाइडवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघताना) काही दिसलं नाही म्हणून लगेच ‘फॉल्स पॉझिटिव्ह’, म्हणजे खोटा पॉझिटिव्ह, लिहून बाटली टाकू नये. न्यूमोनियाचा जंतू न्यूमोकोकस बाटलीतच फुटून विरघळतो. आणि मिरजेच्या लॅबमध्ये जत-आटपाडीकडचा, शेळ्या-मेंढ्यांत वावरणारा, आठवडेच्या आठवडे ताप असलेला रुग्ण असेल, तर ब्रुसेला, हा जनावरांकडून माणसाला लागणारा जंतू, आधी आठवावा. त्याचे बारीक, फिकट गुलाबी ठिपके स्लाइडच्या गुलाबी पार्श्वभूमीत हरवतात. अ‍ॅक्रिडीन ऑरेंजची (जंतू चकाकवून दाखवणाऱ्या रंगाची) सोय असेल तर तो स्टेन करावा. बाटलीतला थेंब ब्लड आणि चॉकलेट अगारच्या प्लेटवर वाढायला ठेवून (म्हणजे सबकल्चर लावून) बाटली मशीनमध्ये परत ठेवावी. 24 तासांत प्लेट कोरी दिसली तरी थांबावं. ब्रुसेलाच्या वसाहती दिसायला 48 ते 72 तास लागतात. हे सगळं काम बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच करावं, आणि प्लेटचा वास तर अजिबात घेऊ नये. हा जंतू हवेतून लॅबवाल्यालाच लागतो.

कातडीवरचा स्टॅफिलोकोकस बाटलीत गेला तर गोष्ट वेगळी. तिथं मशीन खरं बोलतं, चूक रक्त घेताना झालेली असते. बाटलीचं रबर 70% अल्कोहोलनं पुसावं, कातडीवरचं क्लोरहेक्झिडीन पूर्ण वाळू द्यावं आणि दोन वेगळ्या जागांहून बाटल्यांचे दोन सेट घ्यावेत.

वॉर्डला फोन करताना नुसतं ‘पॉझिटिव्ह’ म्हणू नये. ‘मशीन पॉझिटिव्ह, ग्रॅम स्टेनमध्ये जंतू नाहीत, सबकल्चर चालू’ एवढं पूर्ण सांगावं.