रात्री बाहेर पडलं तर वीस फटके, तिथून आजच्या झगमगाटापर्यंत

चीनमधल्या शिआन शहरात संध्याकाळी आम्ही ज्या रस्त्यावर गेलो त्याचं नाव ता थांग पु ये छंग, म्हणजे थांग या जुन्या राजघराण्याची रात्र न होणारी नगरी, आणि खरंच तिथे रात्र होत नाही, झाडांच्या फांद्यांना कंदील, इमारतींच्या वळचणीला पिवळ्या एलईडी पट्ट्या, आणि त्या उजेडात शेकडो मुली जुन्या काळचे रेशमी कपडे घालून फिरताहेत. माझ्या पुढे एक जण उभी होती, केसात फुलं आणि लोंबत्या साखळ्या, कपाळावर लाल टिकली, आणि घागऱ्याखाली पांढरे स्पोर्ट्स शूज. तिची मैत्रीण हातातला छोटा एलईडी लाईट तिच्या गालावर धरून फोटो काढत होती.

रस्त्याच्या उत्तर टोकाला जो पॅगोडा दिसतो तो आपल्या ह्युएन त्संगचा, इसवी सन ६५२ मधे त्याने भारतातून आणलेल्या पोथ्या ठेवायला बांधलेला. हाच माणूस पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला होता. पण त्याच्या वेळचं हे शहर रात्री ठार अंधारात असायचं, हे मला फार विलक्षण वाटतं! संध्याकाळी ढोल वाजले की वस्त्यांचे दरवाजे बंद, मोठ्या रस्त्यावर सापडलात तर कायद्याने वीस फटके. वर्षातून फक्त कंदिलांच्या सणाला, पहिल्या महिन्याच्या पौर्णिमेला, तीन रात्री मोकळीक मिळायची आणि मग सगळं शहर नटूनथटून रस्त्यावर. उजेड आणि चांगले कपडे ही जोडी तिथली आहे असं मला वाटतं. पुढे सोंग घराण्याच्या काळात त्यांच्या राजधानीत, खायफंगला, रात्रीचे बाजार सुरू झाले आणि ही बंदी सैल झाली.

विजेची गोष्ट शांघायची. १८६५ ला गॅसचे दिवे, १८८२ ला विजेचे पहिले १५ दिवे, आणि १९२६ मधे नानजिंग रोडवरच्या एका पुस्तकाच्या दुकानात, टाईपरायटरच्या जाहिरातीसाठी, पहिली निऑन पाटी. याच रस्त्यावर तेव्हा मोठमोठी डिपार्टमेंट स्टोअर्स उभी राहिली आणि याच वर्षांमधे छीपाव हा अंगासरशी बसणारा उंच कॉलरचा ड्रेस शहरी बायकांनी उचलला, १९२९ मधे तर सरकारने तो बायकांचा अधिकृत पोशाख केला.

मग कम्युनिस्ट राजवट आली आणि सगळं मालवलं. १९५४ पासून कापड रेशनवर, कुपनाशिवाय मीटरभर कापड मिळायचं नाही, आणि हे थेट १९८३ पर्यंत चाललं. निळा, करडा, लष्करी हिरवा, बस्स. नवा कपडा तीन वर्षं, जुना म्हणून तीन वर्षं, ठिगळं लावून अजून तीन वर्षं, अशी म्हणच होती तिकडे. आपल्याकडे मोठ्या भावाचा शर्ट धाकट्याने वापरलेल्या घरांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

१९७९ ला पिअर कार्दां या फ्रेंच फॅशन डिझायनरने बीजिंगमधे फॅशन शो केला, पण साध्या पोरांनी काय उचललं तर बेलबॉटम, आणि ती अंगात दिसली की शाळेच्या नाहीतर कारखान्याच्या दारात कात्री घेऊन माणूस उभा असायचा, अशा आठवणी त्या पिढीतले लोक सांगतात. दिवे परत आले ते १९८९ नंतर, शांघायने ‘बंड’ हा जुन्या इमारतींचा नदीकाठचा रस्ता उजळायला घेतला तेव्हा. १९९४ ला समोरच्या काठावर ४६८ मीटरचा ओरिएंटल पर्ल टॉवर उभा राहिला, २००९ ला सरकारने शहराशहरांत एलईडी लावायची मोठी योजना काढली, आणि मग इमारतींच्या भिंतीच पडदे झाल्या. आता तर दोनच रात्री, ऑगस्ट २०२२ मधे दुष्काळाने सिचुआनची जलवीज आटल्यावर, बंडचे शोभेचे दिवे बंद ठेवले तर ती जगभर बातमी झाली.

आणि हे जुने कपडे, हानफू? २००३ च्या नोव्हेंबरमधे चंगचौ शहरात एक तरुण तसा पोशाख घालून भर रस्त्यात फिरला, लोक वळून वळून बघत होते, कोणी त्याला जपानी समजलं. तिथून ही लाट धरली जाते. तो तरुण वीज खात्यातला कामगार होता, हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला. आता शांतुंगमधल्या त्साव जिल्ह्यात हे कपडे घाऊक शिवले जातात, आणि शिआनच्या त्या मुलीचा घागरा बहुतेक तिथलाच असेल, समोर सपाट पट्टा, दोन्ही बाजूंना कडक चुण्या. मामिएनछुन नावाचा हा घागरा खरं तर बऱ्याच नंतरच्या मिंग घराण्याच्या काळचा, थांगच्या रस्त्यावर सातशे-आठशे वर्षं उशिराचा, पण चालताना चुण्या उघडायच्या आणि आतली सोनेरी जर त्या दिव्यांत लखकन चमकायची.