मॅन पेज वेगळं, गाइड वेगळं

आमच्या ताईच्या बचत गटाची बैठक दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी भरते. भाच्यानं जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकून दिली आणि बैठकीच्या दिवशी संध्याकाळी सहाला हप्त्यांची यादी आपोआप छापून निघावी म्हणून क्रॉनला, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या प्रोग्रामला, काम लावलं. एक तारखेला यादी निघाली. दोन तारखेलाही निघाली. चार तारखेला ताई प्रिंटरसमोर उभी राहून म्हणाली, "अरे, आज तं मंगयवार हाय ना!" त्या रात्री भाच्याचा फोन: "मामा, मी तं नेटवरच्या गाइडात होतं तसंच टाकलं. मंग रोज काऊन निघते?"

त्यानं टाकलेली ओळ अशी: मिनिट ०, तास १८, तारीख १-७, महिना * (म्हणजे कोणताही), वार ५ (म्हणजे शुक्रवार). वाचणाऱ्याला वाटतं, १ ते ७ मधला शुक्रवार, म्हणजे पहिला शुक्रवार. क्रॉन तसं समजत नाही. तारीख आणि वार हे दोन्ही खाने भरले असले, तर दोन्हींपैकी एक जुळलं तरी तो काम चालवतो. म्हणजे १ ते ७ रोज, शिवाय पुढचा प्रत्येक शुक्रवार. महिन्याला दहा-अकरा याद्या. आणि हे कुठं लपवलेलं नाही, मॅन पेजवर, म्हणजे सिस्टिमसोबतच येणाऱ्या माहितीच्या पानावर, चक्क लिहिलेलं आहे.

"मॅन पेज पाह्यलं म्या, त्यात असं कायी नोतं."

खोटं नव्हतं ते. क्रॉनच्या कामांच्या ओळी ज्या फाइलीत असतात ती क्रॉनटॅब, आणि त्या नावाची दोन मॅन पेजं असतात. पहिल्या विभागातलं पेज आदेशाचं, तो कसा चालवायचा ते सांगणारं. पाचव्या विभागातलं फाइलच्या मांडणीचं. नुसतं 'मॅन क्रॉनटॅब' म्हटलं की पहिलं उघडतं, पाचवं हवं असेल तर मध्ये ५ टाकावा लागतो. पासवर्डच्या आदेशाचं आणि पासवर्डच्या फाइलचंही असंच आहे. विभागांची ही पद्धत लिनक्स ज्या घराण्यातलं, त्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलपासूनची. युनिक्सचे कर्ते केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत ते काढलं, त्यावर तारीख आहे ३ नोव्हेंबर १९७१. तेव्हाच त्यात 'बग्ज' असा मथळा होता. आपल्याच प्रोग्रामचे दोष आपणच छापायचे, ही सवय मला फार आवडते.

तर मॅन पेज आणि गाइड. दोन्हींत आदेश असतात, दोन्हींत उदाहरणं असतात, म्हणून माणूस एकाच्या जागी दुसरं वापरतो. फवारणीच्या औषधासोबत घडी घातलेलं बारीक अक्षराचं पत्रक येतं ना, मॅन पेज त्या जातीचं. कोणतं पीक, किती मात्रा, किती पाणी, विषबाधा झाली तर काय. आता फवारावं की ढग जाऊ द्यावेत, हे त्यात नसतं. ते बांधावरचा जाणता माणूस सांगतो, आणि गाइड म्हणजे तो माणूस. पत्रकात त्याची गोष्ट घुसडली तर मात्रा शोधताना डोळे फुटतील.

मी हेच केलं होतं. एका मोफत ऑपरेटिंग सिस्टिमच्या मॅन पेजांची दुरुस्ती मी कापसाच्या कामातून सवड मिळेल तशी करतो. माझ्या पहिल्या पॅचमध्ये, म्हणजे पाठवलेल्या दुरुस्तीत, आदेशाच्या एका पर्यायाखाली मी तीन परिच्छेद समजावून सांगितलं होतं. पॅच परत आला. शेरा एवढाच: हे हँडबुकात (म्हणजे सिस्टिमच्या गाइडात) शोभेल, इथं एक वाक्य पुरे. राग आला होता. आज कुणी तसा पॅच माझ्याकडे पाठवला तर मीही परतच पाठवीन.

कारण दोन्हींची निगा वेगळी. मॅन पेजची प्रत्येक ओळ कोडशी ताडून पाहता येते. पर्याय बदलला की पेजही त्याच पॅचमध्ये बदललं पाहिजे. फ्रीबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या मोफत सिस्टिमीत मूळ सिस्टिमची मॅन पेजं कोडच्याच भांडारात राहतात, हँडबुक वेगळ्या भांडारात. पेजच्या फाइलीच्या माथ्यावरची तारीख मजकुराचा अर्थ बदलला तरच बदलायची, शुद्धलेखन सुधारलं म्हणून नाही. तिच्याच भावकीतल्या ओपनबीएसडीवाले पेजमधली चूक म्हणजे बगच मानतात. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराच्या धोरणात तर प्रोग्रामला मॅन पेज नसणं हाही बग.

गाइडला असा पहारेकरी नाही. कोडची एक ओळ न हलताही ते शिळं होतं, आणि कधी पहिल्या दिवसापासूनच चुकलेलं असतं, जसं भाच्यानं वाचलेलं. त्याची तपासणी एकाच रीतीनं होते: कोऱ्या मशीनवर, नवख्या माणसाला शेजारी बसवून, पहिल्या पायरीपासून शेवटपर्यंत. कंटाळवाणं काम आहे, म्हणून सहसा कोणी करत नाही.

भाच्याची ओळ दुरुस्त करताना याचा पुन्हा प्रत्यय आला. उपाय ठाऊक होता: वाराच्या खान्यात * टाकायचा, आणि आज शुक्रवार आहे का ते डेट या आदेशाला विचारायचं. डेटला वार विचारताना % लागतो. भाच्यानं तसं लिहिलं आणि सात तारखेला, ऐन बैठकीच्या शुक्रवारी, यादी निघालीच नाही. क्रॉनटॅबमध्ये साधा % म्हणजे नवी ओळ. त्याच्या आधी उलटी तिरपी रेघ (\) द्यावी लागते. हेही त्याच पाचव्या विभागातल्या पेजवर आहे, पण वेगळ्या परिच्छेदात. पेजनं दोन्ही गोष्टी खऱ्या सांगितल्या. त्या एकमेकींना कुठं भेटतात, ते सांगणं त्याचं काम नव्हतं. ते गाइडचं होतं.

पेजांच्या बाजूनं आणखी एक गोष्ट सांगतो. आमच्याकडे लाईन गेली की थोड्या वेळानं टॉवरही जातो. गाइड नेटवर अडकतं, मॅन पेज डिस्कवर असतं. लॅपटॉपची बॅटरी असेपर्यंत वाचा.

भाचा आता पहिल्या शुक्रवारचं गाइड स्वतः मराठीत लिहितोय. परवा मसुदा पाठवला. ओळ बरोबर होती, % नीट झाकलेला होता. मी एकच भर सुचवली: सहा वाजता लाईन नसेल तर साधा क्रॉन राहिलेलं काम मागाहून करत नाही, यादी हातानं काढा. त्यानं विचारलं, "हे मॅन पेजात पाठवू का मामा?" म्हटलं, तिथं नको, तुझ्याच गाइडात लिही, पहिल्या पानावर.