गच्चीवरचा डक्टेबल एसी: वायरिंग आणि थर्मोस्टॅट बसवण्याआधी

मंगल कार्यालय, दवाखाना, अभ्यासिका किंवा शोरूमसाठी गच्चीवर पॅकेज युनिट (सगळे भाग एकाच पेटीत असलेला, डक्टमधून गार हवा देणारा एसी) बसवायचे ठरले की सगळी बोलणी टन (गार करण्याची क्षमता) आणि कंपनी यांवर होतात. वायरिंग आणि थर्मोस्टॅट कोटेशनच्या अगदी शेवटी असतात आणि भाव कमी करायची वेळ आली की पहिली कात्री तिथेच लागते. विदर्भाच्या उन्हात यंत्र किती वर्षे चालेल आणि बिल किती येईल, हे बरेचसे याच दोन गोष्टींवर अवलंबून असते. आम्ही या कामात कशाचा आग्रह धरतो आणि का, ते ग्राहकांना आधीच माहीत असावे म्हणून हे पत्रक.

पॅनेलपासून गच्चीपर्यंत

१० टनांचे युनिट हॉलमधून सुमारे ३५ किलोवॅट उष्णता काढून घेते आणि त्यासाठी साधारण ११ ते १२ किलोवॅट वीज घेते. थ्री फेजवर प्रत्येक फेजमध्ये १८ ते २२ अँपिअर प्रवाह वाहतो. थेट सुरू होणारा कंप्रेसर सुरू होण्याच्या क्षणी याच्या पाच-सहा पट ओढतो. नेमका आकडा युनिटच्या प्लेटवर लिहिलेला असतो आणि आम्ही केबल त्यावरूनच ठरवतो.

केबलच्या तक्त्यातले आकडे हवेचे तापमान ४० अंश धरून दिलेले असतात. नवतपात गच्चीवर, उन्हात तापलेल्या पाइपच्या आत, ४० अंश हा आकडा सकाळीच मागे पडतो. साध्या पीव्हीसी आवरणाच्या केबलची क्षमता ५० अंशांना जवळपास पाचव्या हिश्शाने घटते. एक्सएलपीई आवरण ९० अंशांपर्यंत सोसते, त्यामुळे तिची घट बरीच कमी असते. गच्चीवर आम्ही एक्सएलपीई आर्मर्ड (धातूचे कवच असलेली) केबलच टाकतो. अॅल्युमिनियमला आमची हरकत नाही. १० चौरस मिलिमीटर अॅल्युमिनियमचा विद्युतरोध ६ चौरस मिलिमीटर तांब्याइतकाच असतो आणि खर्च कमी येतो. मात्र युनिटच्या तांब्याच्या टर्मिनलवर अॅल्युमिनियम थेट आवळले की काही महिन्यांत सांधा ढिला होतो, तापतो आणि काळा पडतो. तिथे बायमेटलिक लग (अर्धा अॅल्युमिनियमचा, अर्धा तांब्याचा जोडतुकडा) हवाच.

केबलसाठी कोबा फोडू नका आणि कोणाला फोडूही देऊ नका. पहिल्याच पावसात गळती सुरू होते आणि मग एसीवाला आणि वॉटरप्रूफिंगवाला एकमेकांकडे बोट दाखवतात. केबल कठड्याच्या कडेने, जमिनीपासून उचललेल्या ट्रेवरून न्यावी आणि पेटीत खालच्या बाजूने ग्लँड (केबल घट्ट धरणारा जोड) लावून शिरवावी. पेटीत शिरण्याआधी केबलला खाली झोका द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तिथेच टपकून जाते.

युनिटशेजारी, नजरेच्या टप्प्यात, कुलूप लावता येणारा आणि पावसात टिकणारा आयसोलेटर (तिथेच वीज तोडणारा स्विच) लागतो. गच्चीवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. तो दोन मजले खाली जाऊन मेन बंद करतो, वर येतो आणि तेवढ्यात खाली कोणीतरी मेन पुन्हा चालू करतो, अशी शक्यता उरता कामा नये. एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) किती अँपिअरचा असावा याची कमाल मर्यादाही प्लेटवर असते. एमसीबी वारंवार पडतो म्हणून ३२च्या जागी ६३चा बसवून देणारे भेटतील. तसे केले तर बिघाड तसाच राहतो आणि जळायची पाळी केबलवर येते. थ्री फेज यंत्राच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थिंग द्यावी लागतात. दोन्ही आम्ही वेगवेगळ्या बोल्टवर घेतो.

फेजचा क्रम

हल्ली बहुतेक युनिटमध्ये स्क्रोल कंप्रेसर येतो. तो एकाच दिशेने चालला पाहिजे. तीनपैकी दोन फेजची अदलाबदल झाली की तो उलटा फिरतो, खडखडतो आणि गार हवा येत नाही. बराच वेळ तसाच चालला तर कायमचा निकामी होतो. बसवताना क्रम बरोबर असला तरी पुढे भागातला ट्रान्सफॉर्मर बदलला, खांबावर काम झाले किंवा जनरेटरची जोडणी कोणी हलवली की तो बदलू शकतो. म्हणून फेजचा क्रम तपासणारा आणि एखादी फेज गेली तर यंत्र थांबवणारा रिले आम्ही प्रत्येक युनिटला लावतो. कंप्रेसरच्या किमतीपुढे त्याचा खर्च नगण्य आहे. जनरेटर असेल तर त्याच्यावरही युनिट एकदा आमच्यासमोर चालवून घ्या.

थर्मोस्टॅट

बाजारात २४ व्होल्टचे आणि २३० व्होल्टचे थर्मोस्टॅट दिसायला सारखेच मिळतात. चिल्ड वॉटरच्या (गार पाणी फिरवून थंडावा देणाऱ्या यंत्रणेच्या) फॅन कॉइलसाठी असलेला बहुधा २३० व्होल्टचा असतो. रूफटॉप, म्हणजे गच्चीवरच्या, युनिटची कंट्रोल वायरिंग बहुधा युनिटमधल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरवर, २४ व्होल्टवर चालते. काही कंपन्या मात्र स्वतःचा वायर्ड रिमोट देतात, तिथे दुसरा कोणताही थर्मोस्टॅट चालत नाही. म्हणून ऑनलाइन स्वस्त दिसला तरी मॉडेल क्रमांक आम्हाला पाठवल्याशिवाय घेऊ नका.

२४ व्होल्टच्या थर्मोस्टॅटवर आर, सी, वाय आणि जी ही टर्मिनल असतात. आर म्हणजे पुरवठा, वाय कंप्रेसरला, जी ब्लोअरला आणि सी परतीची वायर. वायफायच्या थर्मोस्टॅटला स्वतःला सतत वीज लागते, त्यामुळे त्याला सी हवीच. आज साधा थर्मोस्टॅट घेत असाल तरी आम्ही सहा कोरची वायर टाकून ठेवतो. पुढे भिंत खोदायची वेळ येत नाही. या वायरिंगमध्ये ब्लोअरच्या जीसाठी हिरवी वायर वापरायची पद्धत आहे, आणि आपल्याकडे वीजजोडणीत हिरवी म्हणजे अर्थिंग. सवयीने कोणी ती अर्थच्या बोल्टवर जोडली की ट्रान्सफॉर्मर किंवा त्याचा फ्यूज उडतो. म्हणून आमच्या कंट्रोल वायरींच्या दोन्ही टोकांना क्रमांकाचे फेरूल (वायरवर चढवलेल्या छोट्या नळ्या) असतात. नंतर आलेल्या वायरमनने रंग न पाहता क्रमांक पाहावेत. कंट्रोल वायर पॉवर केबलच्या पाइपमध्ये घालायची नाही.

जागा निवडणे हे त्याहून मोठे काम आहे. थर्मोस्टॅटला हॉलचे तापमान कळत नाही. तो जिथे आहे तिथल्या हवेचे कळते. पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर लावला तर हॉल गारठला तरी कंप्रेसर थांबत नाही. गार हवेच्या ग्रिलसमोर लावला तर पाच मिनिटांत बंद पडतो आणि पाहुणे घामाघूम. जमिनीपासून साधारण पाच फुटांवर, आतल्या भिंतीवर, हॉलमधून युनिटकडे परत जाणाऱ्या हवेच्या वाटेत ही योग्य जागा. स्टेजचे दिवे, फ्रीज, स्वयंपाकघराची भिंत आणि सतत उघडझाप होणारे दार यांपासून तो लांब हवा. हॉल मोठा असेल किंवा उत्साही मंडळी बटणे दाबत असतील तर सेन्सर परतीच्या डक्टमध्ये बसवून थर्मोस्टॅट ऑफिसात ठेवता येतो.

एका गोष्टीकडे फारच कमी लोकांचे लक्ष जाते. गच्चीवरून येणारा कंट्रोल वायरचा पाइप थेट थर्मोस्टॅटच्या मागे उघडतो. मे महिन्यात त्या पाइपमधून गच्चीवरची गरम हवा हळूहळू खाली येत राहते आणि थर्मोस्टॅटला खोली आहे त्यापेक्षा गरम वाटते. हॉलमध्ये थंडी वाजते तरी पडद्यावर २७ दिसते, अशी तक्रार आली की आम्ही सर्वात आधी तो पाइप पाहतो. थोडे पुट्टी किंवा सीलंट भरले की काम होते. बसवतानाच भरून घ्या.

रोजचा वापर

हॉल लवकर गार व्हावा म्हणून १८ लावू नका. साध्या, एकाच वेगाच्या कंप्रेसरला १८ काय आणि २४ काय, गार करण्याचा वेग तोच असतो. तो फक्त जास्त वेळ चालतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या म्हणण्यानुसार तापमान एका अंशाने वाढवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते. २४ ते २६ अंश आणि सोबत छताचे पंखे, एवढे बहुतेक कार्यक्रमांना पुरते.

फॅनचे बटण पावसाळ्यात 'ऑटो'वर ठेवा. 'ऑन'वर ठेवले की कंप्रेसर थांबल्यावरही ब्लोअर फिरत राहतो, कॉइलवर जमलेले पाणी पुन्हा हवेत मिसळते आणि जुलैत हॉल दमट, चिकट वाटतो. कूलरच्या सवयीने खिडकी किलकिली ठेवू नका. कूलरला बाहेरची हवा लागते, एसीला ती जड जाते. कंप्रेसर बंद झाल्यावर लगेच पुन्हा चालू झाला नाही तर काळजी करू नका, थर्मोस्टॅट मुद्दाम तीन ते पाच मिनिटे थांबतो.

मंगल कार्यालयांनी हे नक्की लक्षात ठेवावे. मोसम संपला की बरेच जण गच्चीवरचा मेन बंद करतात आणि पुढच्या मुहूर्ताला, पाहुणे येऊ लागल्यावर, चालू करतात. बऱ्याच कंप्रेसरच्या तळाला एक छोटा हीटर असतो. मेन चालू असेपर्यंत तो तेल कोमट ठेवतो. तो बंद राहिला की गॅस तेलात विरघळतो आणि थेट सुरू केलेल्या कंप्रेसरला वंगण मिळत नाही. कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी मेन चालू करा, एसी सकाळी.

मंजूर भार आणि कागद

युनिट घेण्याआधी वीजबिलावरचा मंजूर भार पाहा आणि गरज असेल तर महावितरणकडे वाढीव भाराचा अर्ज आधी करा. व्यावसायिक जोडणीत २० किलोवॅटच्या पुढे स्थिर आकार केव्हीए (विजेचा भार मोजायचे एकक) मागणीवर लागतो. १० टनांची दोन युनिट घेणाऱ्यांनी हा हिशेब आमच्याबरोबर बसून करावा. जोडणीचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराच्या सही-शिक्क्यानेच होते.

काम सोपवताना आम्ही एक कागद पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवतो. त्यावर ५०० व्होल्टच्या मेगरचे, म्हणजे वायरच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राचे, वाचन (ते १ मेगओहमपेक्षा कमी नसावे), अर्थिंगचा रोध, चालू स्थितीत तिन्ही फेजचे अँपिअर आणि कंट्रोल वायरचे क्रमांक लिहिलेले असतात. महिनाभराने आमचा माणूस येऊन सगळे लग पुन्हा आवळतो, कारण अॅल्युमिनियम पहिल्या काही आठवड्यांत थोडे बसते. या भेटीचे पैसे वेगळे नाहीत, फक्त त्या दिवशी हॉल रिकामा ठेवा आणि गच्चीची किल्ली हाताशी असू द्या.