ग्नोममधलं 'अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' कुठे गेलं? : पार्श्वभूमी

ग्नोम म्हणजे लिनक्सवरचा एक डेस्कटॉप. ग्नोम 2 वापरलेल्यांना वरच्या पट्टीतला 'सिस्टिम' मेनू आठवत असेल. त्याला दोन फाटे होते, 'प्रेफरन्सेस' आणि 'अ‍ॅडमिनिस्ट्रेशन'. वॉलपेपर, फॉन्ट, माउसचा वेग पहिल्यात; यूजर, घड्याळ, नेटवर्क, फोल्डर शेअरिंग दुसऱ्यात. पहिलं माझ्यापुरतं, दुसरं अख्ख्या मशीनचं. दुसऱ्यातल्या कशाला हात लावायचा तर पासवर्ड द्यावा लागे, म्हणून आपण काय करतोय याचं भान राही. एप्रिल 2011 मध्ये ग्नोम 3 आलं आणि दोन्ही फाटे 'सिस्टिम सेटिंग्ज' या एकाच खिडकीत गेले. त्या स्थलांतरात बरंच सामान मागे राहिलं, आणि ते काढणं योग्य होतं का हा वाद त्यातूनच आला.

त्याआधी प्रत्येक वितरणाचं (सुसे, फेडोरा, डेबियन, उबुंटू अशा लिनक्सच्या तयार संचाचं) मशीन सांभाळायचं आपलं आपलं साधन असे. सुसेचं यास्ट 1996 पासूनचं, मँड्रेकचं वेगळं, फेडोराची पायथनमध्ये लिहिलेली 'सिस्टिम-कॉन्फिग' मालिका वेगळी. ग्नोमच्या साधनांमागचा ('ग्नोम-सिस्टिम-टूल्स') विचार मात्र निराळा होता: खिडकी सगळीकडे एकच, आणि तिच्याखाली कुठल्या वितरणात कुठली फाइल कुठे असते हे ठाऊक असलेल्या, पर्ल भाषेत लिहिलेल्या स्क्रिप्ट. डेबियन असो वा फेडोरा, यूजर जोडायची खिडकी तीच. लॅबमधली मशीन सांभाळणाऱ्याला याचं मोल वेगळं सांगायला नको.

दुखणंही तिथेच होतं. या स्क्रिप्ट थेट 'ईटीसी'मधल्या (सिस्टिमच्या सेटिंगच्या फोल्डरमधल्या) फाइलींवर लिहायच्या, त्यामुळे वितरणाने फाइल बदलली की साधन पांगळं. नेटवर्कची जोडणी सांभाळणारी 'नेटवर्क मॅनेजर' ही सर्व्हिस रुळल्यावर नेटवर्कची खिडकी निरुपयोगी झाली. सर्व्हिसेसची खिडकी रनलेव्हलच्या (मशीन सुरू होताना काय चालवायचं हे ठरवणाऱ्या) फोल्डरांवर उभी होती. तेच काम नव्या पद्धतीने करणारे आधी अपस्टार्ट आणि मग सिस्टिमडी (फेडोरा 15, मे 2011) आल्यावर ते फोल्डरच गौण ठरले. शिवाय अख्खी खिडकी रूट म्हणून, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या यूजरच्या नावाने, चालवणं धोक्याचं. पोलकिट या परवानग्या तपासणाऱ्या यंत्रणेने ते बदललं: खिडकी साध्या यूजरची, आणि नेमक्या एका कामापुरती परवानगी मागून ते काम पाठीमागच्या सर्व्हिसकडून करून घ्यायचं. हा बदल योग्यच होता. नोव्हेंबर 2016 मध्ये फेडोरा 25 ने पडद्यावर खिडक्या दाखवण्यासाठी वेलँड ही नवी पद्धत मुख्य केली आणि रूटच्या खिडक्या उघडेनाशा झाल्या. 2018 मध्ये डेबियन आणि उबुंटू दोन्हींनी खिडकी रूट म्हणून उघडून देणारं 'जीके-एसयू' काढून टाकलं. 1 जानेवारी 2020 ला पायथन 2 चा आधार संपला, तेव्हा पायथन 3 वर न गेलेली 'सिस्टिम-कॉन्फिग' साधनं बाद झाली. प्रिंटरचं साधन वेळेत त्यावर गेलं होतं, ते आजही आहे.

इथवरच्या बदलांना तांत्रिक कारण आहे. ग्रुपचं, म्हणजे ठराविक परवानगी असलेल्या यूजरांच्या गटांचं, तसं नाही, आणि वादाचं मूळ तेच आहे.

जुन्या 'यूजर्स अँड ग्रुप्स'मध्ये एखाद्या यूजरच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज'मध्ये गेलं की चौकटींची यादी दिसे: मोडेम वापरू द्यायचा का, सीडी ड्राइव्ह वापरू द्यायचा का, सिस्टिमचे लॉग पाहू द्यायचे का. प्रत्येक चौकटीमागे एक ग्रुप होता. लॉगच्या मागे 'एडीएम', मोडेमच्या मागे 'डायलआउट'. ती नावं पाठ असायची गरज नव्हती. टिचकी मारायची आणि पुन्हा लॉगिन करायचं. 'मॅनेज ग्रुप्स'चं बटण वेगळं होतंच. नव्या 'यूजर्स' पानावर उरलं काय, तर 'स्टँडर्ड' आणि 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' हे दोन प्रकार. त्यातला 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' म्हणजे तरी एका ग्रुपचा सदस्यच. फेडोरात त्या ग्रुपचं नाव 'व्हील'. उबुंटूत आधी 'अ‍ॅडमिन' आणि 12.04 पासून 'सुडो'. म्हणजे ग्रुप गेले नाहीत, फक्त दिसेनासे झाले.

हे काढणाऱ्यांचं म्हणणं असं, की डेस्कटॉपवर ग्रुप ही जुनाट गोष्ट आहे, कारण समोर बसलेल्या यूजरला आवाज, कॅमेरा वगैरेंची परवानगी आता लॉगिनबरोबर आपोआप मिळते. आवाज-कॅमेऱ्यापुरतं हे खरं आहे. पण सीरियल पोर्टला ती परवानगी आपोआप मिळत नाही. उबुंटूवर आर्डुइनो (शिकाऊंचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, जो सीरियल पोर्टवरून बोलतो) जोडणाऱ्या कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा: केबल लावली, प्रोग्रॅम चढवायला गेलं, की 'परमिशन डिनाइड'. उपाय आजही 'डायलआउट'च. व्हर्च्युअलबॉक्सच्या (मशीनच्या आत दुसरं आभासी मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) शेअर्ड फोल्डरचीही तीच गत, तिथेही वेगळा ग्रुप लागतो.

मग टर्मिनल उघडून यूजरला ग्रुपमध्ये घालणारी 'यूजरमॉड' ही आज्ञा चालवायची. त्यात मोठ्या 'जी'च्या आधी छोटा 'ए' राहिला, तर नवा ग्रुप जोडला जातो खरा, पण बाकीचे सगळे जातात, 'सुडो'सुद्धा. लगेच काही कळतही नाही. पुढच्या लॉगिनला सुडो (रूटचे अधिकार तात्पुरते देणारी आज्ञा) नकार देतं, आणि उबुंटूत रूटचा पासवर्ड मुळात बंद असल्याने रिकव्हरी मोडमध्ये शिरण्यावाचून गत्यंतर नसतं. चौकटीवर टिचकी मारून हे कधी झालं नसतं. म्हणूनच ग्नोम 3 नंतर कितीतरी वर्षं 'ग्नोम-सिस्टिम-टूल्स इन्स्टॉल करा' हाच सल्ला एकमेकांना दिला जात होता, त्या साधनांची देखभाल थांबल्यावरही.

इतर डेस्कटॉपही त्यात अडकले. एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपने यूजर सांभाळायचं स्वतःचं साधन कधी केलंच नाही. ग्नोमचंच उसनं घेतलं जाई, ते आटल्यावर भार वितरणांवर आला. केडीई या डेस्कटॉपच्या जुन्या के-यूजर साधनात ग्रुप होते. आजच्या 'यूजर्स' पानावर तिथेही तेच दोन प्रकार. ऑक्टोबर 2025 मध्ये आलेल्या ओपनसुसे लीप 16 मधून यास्टही गेलं. त्याच्या बऱ्याचशा कामांसाठी आता कॉकपिट आहे, म्हणजे आपल्याच मशीनची कामं ब्राउझरमध्ये 9090 पोर्ट उघडून करायची.

एलएक्सक्यूटी या आणखी एका डेस्कटॉपचं उदाहरण यात लक्षात घ्यायला हवं. त्याचं यूजरचं साधनही आधी त्याच पर्ल स्क्रिप्टांवर उभं होतं. त्या सोडल्यावर त्यांनी पोलकिटमार्फत टर्मिनलमधल्या साध्या 'यूजरअ‍ॅड', 'यूजरमॉड' याच आज्ञा चालवायला घेतल्या. त्या छोट्याशा खिडकीत 'यूजर्स'च्या शेजारी 'ग्रुप्स'चा टॅब आजही आहे.